सी२सी१२ मध्ये पी-ईआरके आधी पडतो आणि चौथ्या दिवशी परत वर येतो, असं का?

आर्या_पेशी:

नमस्कार मंडळी, पीएचडीचं दुसरं वर्ष चालू आहे, विषय स्नायूपेशी घडताना आतले सिग्नल कसे चालू-बंद होतात हा. गेले दोन महिने एकाच ठिकाणी अडकलेय म्हणून इथे विचारतेय, कुणी हे काम केलं असेल तर प्लीज सांगा.

सेटअप साधाच आहे. सी२सी१२ मायोब्लास्ट (उंदराच्या, पुढे स्नायू होणाऱ्या पेशी), ६-वेल प्लेट, आधी २०% एफबीएसमध्ये (गाईच्या गर्भाचं सीरम) वाढवल्या, साधारण ९०% कन्फ्लुअंट, म्हणजे तळ जवळजवळ भरल्यावर २% हॉर्स सीरमवर टाकल्या. सॅम्पल घेतले ०, १२, २४, ४८, ७२ आणि ९६ तासांना. मायोट्यूब (पेशी एकमेकींत मिसळून, म्हणजे फ्युज होऊन झालेल्या नळ्या) छान होतात, तिसऱ्या दिवसापासून लांब लांब नळ्या दिसतात आणि एकेका नळीत ओळीने न्यूक्लियस, ते बघायला मला अजूनही फार आवडतं.

आता ब्लॉट, म्हणजे कुठलं प्रोटीन किती आहे ते बँडच्या जाडीवरून दाखवणारी चाचणी. टोटल ईआरके (वाढीचा सिग्नल आत नेणारं किनेज, म्हणजे दुसऱ्या प्रोटीनवर फॉस्फेट लावणारं एन्झाइम) सगळ्या लेनमध्ये सारखा. फॉस्फो-ईआरके (पी-ईआरके, म्हणजे फॉस्फेट लागून चालू झालेला) शून्य तासाला भरपूर, २४ तासांना जवळजवळ गायब, इथपर्यंत पुस्तकात लिहिल्यासारखंच. पण ७२ ला परत दिसायला लागतो आणि ९६ ला चांगलाच ठळक, ४४ आणि ४२ चे दोन्ही बँड. फॉस्फो-पी३८ (पी३८ हे दुसरं किनेज) मात्र १२ तासांपासून सरळ वर जातो. स्नायूंची जनुकं चालू करणाऱ्या प्रोटीनपैकी मायोजेनिन २४ तासांना येतो. आणि मायो-डी तर शून्य तासालाच आहे, पुढे फार फरक नाही.

माझे प्रश्न असे की (१) ग्रोथ फॅक्टर काढले की ईआरके पडतो म्हणून पेशी वाढ थांबवून स्नायू व्हायला लागतात असं आम्ही एमएस्सीपासून शिकलो, मग तोच ईआरके शेवटी परत कशाला येतो? (२) मायो-डी आधीपासून आहे तर पेशी कशासाठी थांबून असते? (३) तीनपैकी एका सेटमध्ये पी-ईआरके २४ तासांना पडलाच नाही आणि त्या प्लेटला मायोट्यूबसुद्धा कमी झाल्या, हे काय असेल?

गाइड म्हणतात की लोडिंगचा घोळ असेल, परत कर. तीनदा केलं. चढ तिन्ही वेळा आलाय, त्यामुळे घोळ म्हणून सोडून द्यायला मन होत नाहीये.

---

नाथमामा:

आर्या, तीनदा दिसलेला चढ सोडू नकोस. मी बारा-तेरा वर्षं स्नायूपेशींवरच काढली त्यामुळे जरा सविस्तर लिहितो, वेळ काढून वाच.

आधी तुझा दुसरा प्रश्न घेतो कारण सगळं तिथूनच सुरू होतं. १९८७ मध्ये डेव्हिस, वाइनट्रॉब आणि लासार यांनी दाखवलं की एकटा मायो-डी फायब्रोब्लास्टमध्ये घातला तरी ती पेशी स्नायूच्या वाटेला लागते. ते इतकं गाजलं की आपल्या सगळ्यांच्या डोक्यात मायो-डी म्हणजे बटण असं बसून गेलं, दाबलं की दिवा लागला. पण तुझ्या शून्य तासाच्या लेनमध्ये मायो-डी आहे आणि दिवा लागलेला नाही. म्हणजे प्रोटीन किती आहे यावर काही ठरत नाही, ते कुणाबरोबर बसलंय आणि त्याच्यावर कुठे फॉस्फेट लागलंय यावर ठरतं.

वाढत्या मायोब्लास्टमध्ये मायो-डीला एकाच वेळी बऱ्याच जणांनी धरून ठेवलेलं असतं. मायो-डीला डीएनएवर नीट बसायला ई१२ किंवा ई४७ असा जोडीदार लागतो, पण सीरम भरपूर असलं की आयडी नावाचं प्रोटीन भरपूर बनतं आणि ते हे जोडीदारच पळवतं, स्वतःला डीएनए धरायचा भाग नसल्यामुळे ती जोडी निकामी. दुसरीकडे सायक्लिन डी१ आणि सीडीके४ ची जोडी मायो-डीला अडवते. आणि पी३८ गॅमा (हो, पी३८ च्याच घराण्यातला) मायो-डीवर फॉस्फेट लावतो, त्यामुळे मायो-डी केएमटी१ए या मिथाइल लावणाऱ्या एन्झाइमबरोबर मायोजेनिनच्या प्रमोटरवर (जनुक चालू-बंद करणारा डीएनएचा भाग) जाऊन बसतो आणि ते जनुक बंद राहतं. म्हणजे पेशी वाढत असताना मायो-डी नुसता रिकामा बसलेला नसतो, काही ठिकाणी तोच दार लावून धरतो.

सीरम काढलं की सायक्लिन डी१ उतरतो, आयडी उतरतो, आणि पी३८ अल्फा कामाला लागतो. हा अल्फा एमईएफ२ या जनुकं चालू करणाऱ्या प्रोटीनवर फॉस्फेट लावतो, ई४७ वर लावतो म्हणजे मायो-डीशी त्याची जोडी घट्ट होते, आणि बीएएफ६०सी नावाच्या प्रोटीनवर लावतो. हे शेवटचं मला सगळ्यात सुंदर वाटतं. मायो-डी आणि बीएएफ६०सी हे दोघं सिग्नल यायच्या आधीच प्रमोटरवर जाऊन बसलेले असतात. मांडव घातलाय, वऱ्हाड बसलंय, मुहूर्त तेवढा बाकी आहे. पी३८ अल्फाने थ्रिओनिन २२९ वर एक फॉस्फेट लावलं की क्रोमॅटिन (गुंडाळून ठेवलेला डीएनए) उलगडणारी बाकीची यंत्रणा तिथे येते आणि जनुक उघडतं. एका फॉस्फेटवर एवढं सगळं अडलेलं असतं.

बरं, पी३८ अल्फाला कोण सांगतं? तू ९०% कन्फ्लुअन्सवर टाकल्यास असं लिहिलंयस, ते उगाच प्रोटोकॉलमध्ये लिहिलेलं नसतं. शेजारच्या दोन पेशींचे एन-कॅडहेरिन एकमेकांना भिडले की त्याच पडद्यावरचं सीडीओ नावाचं प्रोटीन जागं होतं, त्याच्या आतल्या शेपटीला जेएलपी नावाचं प्रोटीन चिकटतं आणि जेएलपीने पी३८ धरलेला असतो. शेजारी आहे का, हे पेशी चाचपून बघते आणि मगच पी३८ चालू होतो. म्हणून विरळ प्लेटला नुसतं हॉर्स सीरम घालून भागत नाही.

आता पहिला प्रश्न, ईआरके. १९९७ साली बेनेट आणि टाँक्स यांनी सायन्समध्ये सी२सी१२ वरच याचं काम छापलं. त्यांनी एमकेपी-१ हे फॉस्फटेज, म्हणजे ईआरके आणि त्याच्या भावंडांवरचं फॉस्फेट काढून टाकणारं एन्झाइम, पेशींमध्ये हवं तेव्हा चालू करता येईल असं घातलं. सीरम असतानाही एमकेपी-१ वाढवलं तर स्नायूंची जनुकं चालू झाली, म्हणजे सुरुवातीला या किनेजचा अडथळाच होता हे बरोबर. पण एमकेपी-१ तसंच चालू ठेवलं तर मायोट्यूब झाल्याच नाहीत. सुरुवातीला जो नको होता तोच पुढच्या टप्प्याला लागतो. तुझे ७२ आणि ९६ चे बँड याच गोष्टीशी जुळतात, त्यामुळे मला तरी त्यात नवल वाटत नाही.

आणि एक लक्षात घे, आपण किनेज किनेज करत राहतो आणि फॉस्फटेजकडे बघत नाही. फॉस्फो बँड म्हणजे लावणारा आणि काढणारा यांच्यातली शिल्लक. बँड वाढला म्हणजे एमईकेने (ईआरकेवर फॉस्फेट लावणारं किनेज) जास्त लावलं असंच नाही, काढणारं कमी झालं असेल. पुढच्या वेळी त्याच सॅम्पलवर एमकेपी-१ चा ब्लॉट कर.

---

ब्लॉटवाली_ताई:

नाथमामांनी जीवशास्त्र सांगितलंच आहे, मी बेंचवरचं सांगते. आर्या, आधी एक सांग, मीडिया कधी बदलतेस? रोज सकाळी बदलून लगेच त्या दिवसाचं सॅम्पल घेतेस का? कारण ताजं सीरम पडलं की ईआरके ५-१० मिनिटांत चढतो. २% हॉर्स सीरमसुद्धा पुरतं त्याला. तुझा ९६ चा बँड खराच मायोट्यूबचा आहे की सकाळच्या मीडियाचा, हे आत्ता तुझ्या ब्लॉटवरून सांगता येणार नाही, आणि चूक असेल तर ती तिन्ही वेळा सारखीच होणार कारण तू तिन्ही वेळा सारखंच केलंयस!! तीनदा आलं म्हणून खरं असं धरू नकोस.

जो सेट पडलाच नाही, तिथे पीबीएसने (धुवायचं क्षारांचं द्रावण) धुतलं होतंस का? २०% वालं जुनं सीरम वेलच्या कडेला, तळाला राहतं. पेशींना धक्का न लावता कडेने पीबीएस सोडायचं, प्लेट तिरकी करून ओढून घ्यायचं, दोनदा. मगच हॉर्स सीरम. आणि त्या प्लेटचा पॅसेज (पेशी किती वेळा नव्या फ्लास्कमध्ये हलवल्या तो आकडा) किती होता तेही बघ, सी२सी१२ चा स्टॉक फ्लास्क एकदा जरी पूर्ण भरू दिला तर ज्या पेशी स्नायू होणाऱ्या असतात त्या तिथेच फ्युज होऊन वाया जातात आणि पुढच्या पॅसेजला न होणाऱ्याच उरतात. फ्लास्क ७० टक्क्यांच्या पुढे जाऊ द्यायचा नाही, रविवार असला तरी.

फॉस्फो ब्लॉटबद्दल अजून. प्लेट बाहेर काढली की थेट बर्फावर, थंड पीबीएस, थंड बफर, स्क्रेपर. ट्रिप्सिन करून पेशी काढायच्या नाहीत, तेवढ्या वेळात सिग्नल बदलतो. बफरमध्ये सोडियम फ्लोराइड, बीटा-ग्लिसरोफॉस्फेट आणि ऑर्थोव्हॅनेडेट हवंच. ऑर्थोव्हॅनेडेट नुसतं पाण्यात विरघळवून घातलं तर काम करत नाही हो, हे मला कुणी सांगितलंच नव्हतं आणि माझं जवळजवळ एक वर्ष त्यात गेलं. पीएच १० ला आणायचं, पिवळं होतं, मग रंग जाईपर्यंत उकळायचं, गार करायचं, परत पीएच बघायचा, परत पिवळं झालं तर परत उकळायचं, असं करत करत गार झाल्यावरही पाण्यासारखं नितळ राहिलं आणि पीएच १० वर टिकला की मग छोट्या ट्यूबमध्ये भरून उणे २० ला. आणि ब्लॉकिंगला दूध पावडर नको, दुधातलं केसीन स्वतःच फॉस्फोप्रोटीन आहे, बीएसए वापर.

---

आर्या_पेशी:

ताई, तुम्ही अगदी नेमकं विचारलंत. हो, ४८, ७२ आणि ९६ ला सकाळी मीडिया बदलला आणि अर्ध्या तासाच्या आत सॅम्पल घेतले. वहीत वेळा लिहिलेल्या आहेत त्यामुळे खात्री आहे. २४ ला मात्र बदलला नव्हता. म्हणजे माझा पूर्ण निष्कर्ष त्यावर उभा असू शकतो, वाचून पोटात गोळा आला. आणि तो तिसरा सेट, त्यात एकदाच धुतलं होतं, पॅसेजही बाकीच्यांपेक्षा जास्त होता. परत करते.

मामा, एमकेपी-१ ची अँटीबॉडी शेजारच्या लॅबमध्ये आहे, मागते. एक अजून विचारायचं होतं, माझा फॉस्फो-एकेटी (वाढीच्या सिग्नलचंच आणखी एक किनेज) पण हळूहळू वाढतो. सीरम काढलंय तर एकेटीला चालना देणारं बाहेर काही उरलंच नाही ना? मग तो कशाने वाढतो?

---

नाथमामा:

पेशी स्वतःच बनवते! सीरम काढल्यावर मायोब्लास्ट आयजीएफ-२ हा ग्रोथ फॅक्टर बनवून बाहेर सोडतात आणि तेच त्यांच्याच रिसेप्टरवर येऊन बसतं. १९९१ मध्ये फ्लोरिनी आणि सहकाऱ्यांनी हे दाखवलं होतं, आयजीएफ-२ बनणं अडवलं की डिफरन्सिएशन (पेशी स्नायू होणं) अडतं आणि बाहेरून आयजीएफ घातलं की परत सुरू होतं. त्या आयजीएफ-२ ला वर आणण्यात एमटॉर या किनेजचा हात आहे, म्हणून ते अडवणारं रॅपामायसिन घातलं की सी२सी१२ च्या मायोट्यूब होत नाहीत. म्हणजे आधी पेशी बघते की खायला पुरेसं आहे का, अमिनो आम्लं आहेत का, मग स्वतःच स्वतःला पुढे जायचा निरोप देते.

रोज पूर्ण मीडिया बदलतेस तेव्हा हे जमलेलं आयजीएफ-२ पण ओतून टाकतेस, तेवढं डोक्यात ठेव. अर्धा मीडिया बदलणारे लोक असतात त्यामागे हेही कारण आहे.

शिवाय एकेटी एक नाही. डिफरन्सिएशनमध्ये एकेटी२ ची मात्रा वाढते. तू सगळ्या एकेटींना मिळून धरणारी अँटीबॉडी वापरत असशील, त्यामुळे फॉस्फो वाढला की प्रोटीनच वाढलं हे वेगळं करायला टोटल बरोबर लावावं लागेल, तेही जमलं तर एकेटी१ आणि एकेटी२ वेगवेगळे.

---

कोकणी_फिजिओ:

मी लॅबमधली नाही, फिजिओथेरपिस्ट आहे, आणि माझा भाचा डुशेन मस्क्युलर डिस्ट्रॉफीचा पेशंट आहे, नऊ वर्षांचा. धागा सगळा कळला असं म्हणणार नाही पण दोनदा वाचला. या सिग्नलचा आणि त्या आजाराचा काही संबंध आहे का? मायोस्टॅटिन बंद केलं की स्नायू वाढतात असं वाचलं होतं, ते का देत नाहीत मुलांना? चुकीच्या जागी विचारत असेन तर क्षमा.

---

नाथमामा:

ताई, अजिबात चुकीची जागा नाही. भाच्याला माझे आशीर्वाद.

मायोस्टॅटिन म्हणजे स्नायूंनी स्वतःच सोडलेला ब्रेक. १९९७ मध्ये हे जनुक काढलेल्या उंदरांचे स्नायू खूप मोठे झाले आणि त्याच वर्षी कळलं की बेल्जियन ब्लू जातीच्या गुरांना जो दुप्पट स्नायूंचा आकार असतो तो याच जनुकातल्या बिघाडाने. हे प्रोटीन बाहेर पडतं तेव्हा त्याचाच तोडलेला एक तुकडा त्याला बांधून ठेवतो, दुसऱ्या एन्झाइमने तो तुकडा कापला की ते मोकळं होतं, मग पेशीवरच्या अ‍ॅक्टिव्हिन रिसेप्टरला धरून आत स्मॅड२ आणि ३ ही निरोप नेणारी प्रोटीन चालू करतं. फॉलिस्टॅटिन त्याला बाहेरच पकडतं. त्यामुळे साहजिकच सगळ्यांना वाटलं की हे अडवलं की झालं. डुशेनमध्ये अशा औषधांच्या चाचण्या झाल्या आणि २०१८-१९ मध्ये थांबवल्या गेल्या, मुलांच्या हालचालीत अपेक्षित फायदा दिसला नाही. डुशेनमध्ये डिस्ट्रॉफिन हे तंतूला आधार देणारं प्रोटीन नसल्यामुळे तंतू फाटतच राहतो आणि ब्रेक काढल्याने फाटणं थांबत नाही, मला त्याचं एक मोठं कारण हेच वाटतं.

दुसरी गोष्ट अजून जवळची. डिस्ट्रॉफिन फक्त तंतूला आधार देतं असं आपण मानत होतो, पण २०१५ मध्ये दिसलं की सॅटेलाइट पेशी, म्हणजे स्नायू दुरुस्त करणाऱ्या मूळ पेशी, त्यांच्यातही ते असतं आणि तिथे ते मार्क२ नावाच्या किनेजला एका बाजूला धरून ठेवतं. त्यामुळे पेशी विभागताना एक मूळ पेशी राहते आणि दुसरी स्नायू व्हायला जाते. डिस्ट्रॉफिन नसेल तर हे वाटप बिघडतं. म्हणजे हा आजारही काही अंशी सिग्नलिंग प्रोटीन चुकीच्या जागी असल्याचा आहे.

आणि ज्या जनुकं उघडण्या-मिटण्याबद्दल वर बोललो त्याच वाटेवरचं एक औषध आता आहे, गिव्हिनोस्टॅट, जनुकं मिटवून ठेवणाऱ्या एचडॅक एन्झाइमना अडवणारं, अमेरिकेत मार्च २०२४ मध्ये सहा वर्षांवरच्या डुशेन पेशंटसाठी मंजूर झालं. आजार बरा होत नाही, वेग कमी करायचा प्रयत्न आहे. भाच्यासाठी काय योग्य ते त्याच्या न्यूरोलॉजिस्टशीच बोला, मी डॉक्टर नाही.

---

कोकणी_फिजिओ:

मनापासून आभार मामा. मार्क२ चं मी पहिल्यांदाच ऐकलं. बहिणीला वाचून दाखवते.

---

आर्या_पेशी:

तीन आठवड्यांनी परत आले, निकाल सांगायला.

या वेळी प्रत्येक सॅम्पलच्या आधी पूर्ण २४ तास मीडियाला हात लावला नाही, धुणं दोनदा, कमी पॅसेज, आणि ताईंनी सांगितलं तसं ऑर्थोव्हॅनेडेट उकळून. ९६ चा पी-ईआरके बँड आधीच्यापेक्षा बराच कमी आहे पण गेलेला नाही. २४ पेक्षा स्पष्ट जास्त, तिन्ही सेटमध्ये. एका जादा वेलला मुद्दाम सकाळी ताजा मीडिया घालून दहा मिनिटांनी सॅम्पल घेतला, तिथे बँड एकदम जाड. म्हणजे आधीच्या चढात ताज्या मीडियाचा वाटा मोठा होता आणि तरी खाली खरा चढ आहेच. एमकेपी-१ चा ब्लॉट अजून घाण येतोय, त्याबद्दल आत्ता काही बोलत नाही.

गाइडना दोन्ही ब्लॉट शेजारी ठेवून दाखवले, त्यांनी बराच वेळ बघितलं आणि म्हणाले की आता पी३८ अडवून बघ. पी३८ अडवणारं एसबी२०३५८० आहे लॅबमध्ये. किती घालू आणि कधी?

---

ब्लॉटवाली_ताई:

शाब्बास गं, ती जादा वेल लावलीस ते फार चांगलं केलंस, थीसिसमध्ये ती फिगर नक्की घाल.

एसबी२०३५८० ५ ते १० मायक्रोमोलर, डीएमएसओचा कंट्रोल तेवढ्याच व्हॉल्यूमचा, आणि औषध हॉर्स सीरमबरोबरच शून्य तासाला. एक सेट ४८ ला पण सुरू कर म्हणजे सुरुवातीचं आणि नंतरचं वेगळं दिसेल. यात फॉस्फो-पी३८ च्या बँडवर विसंबू नकोस, हे औषध पी३८ चं काम अडवतं, त्याच्यावर फॉस्फेट लागणं थांबेलच असं नाही. त्याच्या पुढच्या पायरीवरचं काहीतरी बघ, पी३८ ज्याच्यावर फॉस्फेट लावतो त्या एमके२ चा फॉस्फो चालेल.

अजून एक. ९६ तासांच्या वेलमध्ये मायोट्यूब पण असतात आणि न फ्युज झालेल्या रिझर्व्ह पेशी पण. ब्लॉटमध्ये दोन्ही एकत्र उकळल्या जातात. तुझा चढ नक्की कुणाचा? पातळ ट्रिप्सिन अगदी थोडा वेळ दिलं तर मायोट्यूब आधी सुटतात, रिझर्व्ह पेशी तळाला चिकटून राहतात, पण ट्रिप्सिनने फॉस्फोचा घोटाळा होतो हे वर सांगितलंच आहे, म्हणून त्यापेक्षा कव्हरस्लिपवर वाढवून पी-ईआरके आणि मायोसिन हेवी चेन (मायोट्यूब ओळखायचं स्नायूंचं प्रोटीन) असा डबल स्टेन कर आणि डोळ्याने बघ.

---

नाथमामा:

ताईंशी सहमत, स्टेन आधी. आणि एसबी२०३५८० अल्फा आणि बीटाला अडवतं, गॅमाला नाही, हे लिहून ठेव. मायो-डीला बांधून ठेवणारा गॅमा मोकळाच राहणार आहे, त्यामुळे मायोजेनिन पडला तर तो अल्फा अडल्यामुळे पडला की गॅमाचं पारडं जड झालं म्हणून, हे या एका औषधाने सुटणार नाही. त्याला गॅमाचा सायआरएनए (ते प्रोटीन बनणंच अडवणारा छोटा आरएनए) लागेल.

---

आर्या_पेशी:

लिहून घेतलं. कव्हरस्लिप आज जिलेटिन लावून ठेवल्यात, पेशी उद्या टाकते, म्हणजे ९६ तास पुढच्या बुधवार-गुरुवारी भरतील. मीडिया कधी बदलायचा ते या वेळी प्लेटच्या झाकणावरच लिहिलंय.